चरबी कमी करताना आहार आणि व्यायाम कधी, कसे बदलायचे

दर दोन तासांनी थोडं थोडं खाल्लं की चयापचय जागं राहतं, असं पंधरा-वीस वर्षांपूर्वी जो तो सांगायचा. पुढे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली 'दिवसातून दोनदाच, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत' ही पद्धत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर नेली आणि सोबत चार डबे बाळगणारे लोक दोन जेवणांवर आले. दोन्ही पद्धतींनी वजन उतरलेली माणसं आपल्या ओळखीत असतात. काही महिन्यांनी सोडून दिलेलीही असतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मग कुणाचं ऐकायचं?

पद्धत निवडण्यात पहिला महिना घालवू नका, असं मला मनापासून सांगायचं आहे. पहिल्या महिन्यात जे पुरतं ते सहाव्या महिन्यात पुरत नाही. आणि सहाव्या महिन्यात जे लागतं ते पहिल्या सोमवारीच अंगावर घेतलं तर माणूस टिकत नाही. कोणत्या टप्प्यावर काय बदलायचं आणि का, एवढंच इथे क्रमाने मांडतो आहे.

त्याआधी एक अट. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल, गरोदरपण किंवा स्तनपान चालू असेल, किंवा खाण्याबद्दल सतत अपराधी वाटून उपाशी राहण्याची सवय असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणात कपात करू नका. गोळ्या तेवढ्याच ठेवून जेवण निम्मं केलं तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

वाद जुने आहेत

भात-पोळी सोडा, हा सल्ला नवा वाटतो, पण त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली. लंडनमध्ये अंत्यविधीची व्यवस्था पाहणारे विल्यम बँटिंग यांनी डॉक्टरांच्या सांगण्यावरून पाव, साखर, बिअर आणि बटाटे कमी केले, वजन उतरवलं आणि १८६३ साली त्यावर एक पत्रक छापलं. १९१८ मध्ये लुलू हंट पीटर्स या अमेरिकन डॉक्टर बाईंनी सामान्य वाचकांना कॅलरी मोजायला शिकवलं. १९७० आणि ८० च्या दशकांत अमेरिकेत सगळा दोष तेला-तुपावर गेला, दुकानांत 'लो फॅट' बिस्किटं आली आणि त्यांत साखर भरपूर होती. पुढे काटा पुन्हा फिरला आणि दोष कर्बोदकांवर आला.

या भांडणाची नीट परीक्षा स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झाली. ६०९ लोकांपैकी निम्म्यांनी वर्षभर कमी स्निग्धांचा आणि निम्म्यांनी कमी कर्बोदकांचा आहार घेतला. सरासरी घट पहिल्या गटात ५.३ किलो आणि दुसऱ्यात ६ किलो, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. पण प्रत्येक गटात काहींचं वजन भरपूर उतरलं होतं, तर काहींचं वाढलंही होतं. दोन्ही गटांना एक सूचना मात्र सारखीच होती: साखर आणि मैदा टाळा, भाज्या भरपूर खा, शक्यतो घरी शिजवलेलं खा. खाण्याच्या वेळेबद्दलही असंच. चीनमधल्या ग्वांगझू इथे १३९ जणांवर वर्षभर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही गटांनी कॅलरी सारख्याच कमी केल्या, फक्त एका गटाने सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्याच वेळेत खाल्लं. वजनात लक्षणीय फरक पडला नाही.

दोन जेवणांची पद्धत चालते, कारण तिच्यामुळे चहा-बिस्किटं, फरसाण आणि रात्रीचं चरणं बंद होतं. तुम्हाला ती झेपत असेल तर खुशाल करा. ॲसिडिटी होत असेल, चिडचिड होत असेल, तर तीन जेवणं घ्या. घड्याळाचा नियम तुमच्या सोयीचा असावा.

पहिलं काम: कंबर मोजा

वजनकाटा लागेलच, पण आपल्याकडे टेपचं महत्त्व जास्त आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले त्यांचे सहकारी जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर सडसडीत दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, हे याज्ञिकांनी पुणे परिसरातल्या नवजात बाळांतसुद्धा दाखवून दिलं. म्हणून आपल्यासाठी बीएमआयच्या मर्यादाही खालच्या धरतात. २३ च्या पुढे वजन जास्त, २५ च्या पुढे लठ्ठपणा.

सकाळी पोट साफ झाल्यावर उभं राहा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप ठेवा, श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका आणि आकडा लिहा. पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांसाठी ८० ही भारतीय मर्यादा. आठवड्यातून एकदा पुरे. वजन मात्र तीन-चार सकाळी घ्या आणि त्याची सरासरी धरा, कारण आदल्या रात्रीच्या पापड-लोणच्यामुळेही अंगात पाणी राहून आकडा किलोभर हलतो. पाळी येणाऱ्या स्त्रियांनी या आठवड्याची तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करावी. नाहीतर चांगलं चाललेलं असतानाही काट्यामुळे निराशा पदरी पडते.

दुसरं काम: दोन आठवडे फक्त लिहा

आहारात काहीही न बदलता, जे खाल ते लिहा. चमचे, वाट्या, कप, एवढ्या भाषेत. हा टप्पा लोक गाळतात आणि पुढे त्याचीच अडचण होते. आपण किती खातो याचा आपला अंदाज जवळजवळ नेहमीच कमी असतो.

घरच्या तेलाचा हिशेब तर वहीशिवायही लागतो. महिन्याला घरात किती लिटर तेल लागतं ते बघा आणि माणसांनी भागा. चार जणांच्या घरात चार लिटर संपत असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला एक लिटर, म्हणजे रोज साधारण ३३ मिलिलिटर, म्हणजे जवळपास २७० कॅलरी. फोडणीचं तेल पळीऐवजी चमच्याने मोजून घातलं आणि महिन्याचं एक लिटर वाचलं, तर घरातल्या प्रत्येकाच्या रोजच्या सत्तरेक कॅलरी कमी होतात आणि भाजीची चवही फारशी बदलत नाही. चहाचंही तसंच. दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे नुसत्या साखरेच्या १६० कॅलरी. हे दोन आकडे स्वतःच्या वहीत दिसले की कुठला डाएट करू हा प्रश्न निम्मा सुटतो.

उपवासाचे दिवस वेगळे लिहा. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साधारण ३५० कॅलरी असतात आणि प्रथिनं जवळजवळ शून्य. त्यावर शेंगदाण्याचं कूट, तूप, बटाटा. खिचडी वाईट नाही, पण त्या दिवशी आपण कमी खाल्लं हा समज आकड्यांपुढे टिकत नाही. उपवास करायचाच असेल तर भगर, दही, ताक, राजगिरा आणि फळं जास्त ठेवा.

तिसरं काम: ताट बदला, पण आपलंच ठेवा

आता कपात. रोजच्या खाण्यातून ३०० ते ५०० कॅलरी कमी करणं पुरेसं आहे. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का, फार तर एक टक्का घट. ८० किलोच्या माणसाला ४०० ते ८०० ग्रॅम. ही गती संथ वाटेल, पण तिला कारण आहे. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने निम्म्याच्या आसपास आहारावर ठेवलं. त्यांचं वजन जवळपास पाव भागाने घटलं, पण ती माणसं दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली, उदास झाली, थंडीने कुडकुडू लागली. प्रयोग संपल्यावर कित्येकांची भूक भरेचना. इच्छाशक्ती कमी पडते म्हणून क्रॅश डाएट फसतो, असं म्हणणं त्यामुळेच अन्यायाचं आहे.

ताटात सगळ्यात आधी वाढवायचं ते प्रथिन. भारतीयांच्या आहारात सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, असं देशभरातल्या मोठ्या पाहणीत दिसलं आहे. भात, पोळी, पोहे, उपमा, साखर. राष्ट्रीय पोषण संस्थेने सामान्य माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिन सांगितलं आहे. वजन कमी करताना ते १.२ ते १.६ ग्रॅमपर्यंत न्यावं आणि हिशेब गाठायच्या वजनावर करावा. ६० किलोवर यायचं असेल तर रोज साधारण ७० ते ९५ ग्रॅम.

नेहमीच्या शाकाहारी ताटात किती जमतं ते पाहू. दोन भाकऱ्यांत १० ते १२ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात ६, मटकीच्या उसळीत ७, वाटीभर दह्यात ५. सगळं मिळून तीसच्या आसपास. राहिलेलं मुद्दाम आणावं लागतं. ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वडीत २५ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, दोन अंड्यांत १२, ग्लासभर दुधात ६ ते ७. मासे खाणाऱ्यांना १०० ग्रॅम बांगड्यातून १९ ग्रॅमच्या आसपास मिळतात. फक्त तो तेलात बुडवून तळण्याऐवजी तव्यावर भाजा किंवा त्याचं तिखलं करा. शेंगदाण्यांना प्रथिनाचा स्रोत मानताना जपून राहा. १०० ग्रॅममध्ये प्रथिन २५ ग्रॅम असलं तरी कॅलरी साडेपाचशेच्या वर जातात. डब्यात प्रथिन पावडर घेतली तर चूक नाही, पण ती शेवटचा उपाय समजा.

यामागचं कारण नुसतं पोट भरण्याचं नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४० तरुणांनी महिनाभर आहार ४० टक्क्यांनी कमी करून कडक व्यायाम केला. किलोमागे २.४ ग्रॅम प्रथिन घेणाऱ्यांची ४.८ किलो चरबी गेली, १.२ ग्रॅमवाल्यांची ३.५ किलो. जास्त प्रथिनाच्या गटात तर स्नायू किंचित वाढले. इतकं प्रथिन आणि इतका व्यायाम नव्या माणसाने करू नये, पण दिशा यातून कळते. वजन घटताना काय घटतं, हे प्रथिन आणि ताकदीचा व्यायाम मिळून ठरवतात.

बाकी ताटाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. निम्मं ताट भाजी-कोशिंबिरीचं, आधी उसळ आणि भाजी, मग भाकरी, शेवटी थोडा भात. पाकीटबंद खाणं शक्य तितकं कमी. अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केविन हॉल यांनी २० लोकांना एका केंद्रात चार आठवडे राहायला ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. हवं तेवढं खायची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेलं अन्न समोर असताना तीच माणसं रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खात होती.

चौथं काम: आधी चाला, मग वजन उचला

व्यायामाचे सल्लेही असेच फिरत आले आहेत. १९६८ मध्ये केनेथ कूपर यांनी 'एरोबिक्स' हा शब्द घराघरांत नेला आणि पळणं म्हणजेच व्यायाम असं समीकरण झालं. नंतर थोड्या वेळात जोराने करायच्या व्यायामाची लाट आली. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तर चरबी घटण्यात या दोहोंत फारसा फरक नाही. पोट कमी करायला पोटाचेच व्यायाम, हा समज तर १९७१ मध्येच टेनिसपटूंच्या हातांची चरबी मोजून तपासला गेला. खेळणारा हात जाड स्नायूंचा होता, पण कातडीखालची चरबी दोन्ही हातांवर सारखीच होती. म्हणून पोटाच्या पट्ट्यावर आणि शंभर क्रंचवर पैसे आणि वेळ घालवू नका.

पहिले चार आठवडे फक्त चालणं. आधी आठवडाभर फोनवर आपली रोजची पावलं बघा आणि त्यात दोन हजारांची भर घाला. लोकलचा पूल रोज चढणाऱ्या माणसाची सुरुवात आणि घरून काम करणाऱ्याची सुरुवात एकच असू शकत नाही. दहा हजार हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला आहे. सात-आठ हजारांतही तब्येतीला भरपूर फायदा होतो. गुडघे दुखत असतील तर दिवसात तीनदा दहा-दहा मिनिटं चाला, त्यातली दोनदा जेवणानंतर.

चालण्याचा हिशेब प्रामाणिकपणे करा. ७० किलोच्या माणसाला पाच किलोमीटर चालायला सुमारे २५० ते ३०० कॅलरी लागतात, साधारण एका वडापावाइतक्या. पोट भरून खायचं आणि चालून फेडायचं, हे गणित जमत नाही. चालण्याचं खरं मोल वेगळं आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या जेम्स लिव्हाइन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १६ जणांना आठ आठवडे रोज हजार कॅलरी जास्त खाऊ घातल्या. कुणाची चरबी अर्ध्या किलोपेक्षाही कमी वाढली, कुणाची चार किलोंहून जास्त. जे नकळत उठ-बस आणि हालचाल करत राहिले, ते वाचले. आहार कमी केला की उलटं होतं आणि माणूस नकळत बसून राहू लागतो. ती घसरण पावलांच्या आकड्यामुळे लगेच कळते.

पाचव्या आठवड्यापासून ताकदीचा व्यायाम, आठवड्यातून दोनदा, मधे एक-दोन दिवस सोडून. जिमची गरज नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, ओट्याला किंवा भिंतीला हात टेकून जोर, भरलेली पिशवी कमरेतून वाकून उचलणं, तीच पिशवी एका हाताने पोटाकडे ओढणं आणि दोन्ही हातांत वजन घेऊन चालणं. चालणं सोडून प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, दोन फेऱ्या. शेवटी अजून दोनदा करता आलं असतं, असं वाटायला हवं. बारा सोपे गेले की वजन वाढवा किंवा खुर्ची बुटकी घ्या. ही वाढ हाच व्यायामाचा गाभा आहे. वर्षभर तेच दोन किलोचे डंबेल हलवणाऱ्याचं शरीर तिसऱ्या महिन्यातच बदलायचं थांबलेलं असतं.

सूर्यनमस्कार करत असाल तर ते सोडू नका. पण त्यात वजन स्वतःकडे ओढण्याची हालचाल नाही आणि बारा जमू लागले की पुढे संख्याच वाढते, भार वाढत नाही. म्हणून त्याच्या जोडीला पिशवी हवीच. तालमीतल्या पैलवानांच्या हजार बैठका बघून सुरुवात करणाऱ्यांचे गुडघे पहिल्या आठवड्यातच कुरकुरतात. पंधरासुद्धा पुरेशा आहेत.

झोपेला या यादीत कुणी धरत नाही. शिकागोतल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा जणांना सारखाच कमी आहार देऊन दोन आठवडे साडेआठ तास आणि दोन आठवडे साडेपाच तास झोपायची संधी दिली. वजन दोन्ही वेळा सुमारे तीन किलोच उतरलं. पण पुरेशा झोपेत त्यातली १.४ किलो चरबी होती आणि कमी झोपेत फक्त ०.६ किलो. बाकी घट स्नायू, पाणी अशा चरबी सोडून इतर गोष्टींची होती. रात्री एक वाजता मालिका संपवून पहाटे पाचला जिमला धावणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पाचवं काम: काटा थांबला की आधी तपासा, मग बदला

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात कधीतरी वजन थांबतं. इथेच बहुतेक लोक एक तर सोडून देतात, नाहीतर आहार अजून निम्मा करतात. ७,७०० कॅलरी वाचवल्या की एक किलो उतरतो, हे गणित काही आठवडे बरं चालतं. मग फसतं, कारण शरीर तेच राहत नाही. वजन एक किलो घटलं की रोजचा खर्च साधारण २० ते ३० कॅलरींनी घटतो, असं हॉल आणि सहकाऱ्यांचं मोजमाप सांगतं. भूक मात्र दर किलोमागे रोज जवळपास १०० कॅलरींनी वाढते. दहा किलो उतरवलेल्या माणसाला पहिल्या महिन्यापेक्षा कितीतरी जास्त भूक लागते आणि पोटात जायला मात्र कमी हवं असतं. त्याचा चमचा नकळत मोठा होतो. यात लाजण्यासारखं काही नाही.

म्हणून तीन आठवडे सरासरी वजन आणि कंबर दोन्ही हलली नाहीत, तरच त्याला थांबणं म्हणा. कंबर उतरत असेल तर काहीही बदलू नका. दोन्ही थांबली असतील तर एक आठवडा पुन्हा सगळं लिहा आणि पावलं बघा. बहुतेकदा कारण तिथेच सापडतं. सापडलं नाही तर एकच गोष्ट बदला: एक तर रोजच्या १५० कॅलरी कमी करा किंवा दीड-दोन हजार पावलं वाढवा. दोन्ही एकदम बदलू नका, म्हणजे कशाने फरक पडला ते कळेल. आणि चार-पाच महिने सलग कपात चालू असेल तर दोन आठवडे पोटभर, वजन स्थिर राहील इतकं खा. गणपती किंवा दिवाळी जवळ असेल तर हे दोन आठवडे तेव्हाच घ्या. सणात घरच्यांसोबत मोदक खाऊन दुसऱ्या दिवशी उपाशी राहण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

सहावं काम: उतरलेलं टिकवणं

वजन टिकवण्यासाठी थोडी वेगळी कौशल्यं लागतात. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची नोंदवही ठेवली जाते, ज्यांनी किमान १३.६ किलो उतरवून वर्षभर टिकवले आहेत. त्यांचे आहार वेगवेगळे आहेत, पण बरेच जण रोज तासभर हालचाल करतात आणि नियमित वजन करतात. वजन उतरवताना आहाराचा वाटा मोठा असतो, टिकवताना हालचालीचा वाढतो. म्हणून लक्ष्य गाठल्यावर रोजचं जेवण दर आठवड्याला १०० ते १५० कॅलरींनी वाढवत न्या, ताकदीचा व्यायाम दोनाचे तीन दिवस करा. दोन किलोंची मर्यादा आखून घ्या. ती ओलांडली की त्याच आठवड्यात उपाय सुरू करा, दिवाळीनंतर बघू असं म्हणू नका.

आणि आता औषधं. सेमाग्लुटाइड या भूक कमी करणाऱ्या इंजेक्शनच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, जे नुसत्या आहाराने फार थोड्यांना जमतं. २०२५ पासून वजनासाठीची अशी इंजेक्शनं भारतातही अधिकृतपणे मिळतात. ज्यांना लठ्ठपणामुळे आजार जडले आहेत त्यांनी ती घेण्यात कमीपणा मानू नये. पण भूक मेली की प्रथिनही कमी जातं, आणि उतरलेल्या वजनात स्नायूंचा वाटा बराच असतो. म्हणून ती घेणाऱ्याला पनीर, अंडी, वरण आणि भरलेल्या पिशवीची गरज इतरांपेक्षा जास्त. त्याच चाचणीतल्या लोकांनी इंजेक्शन थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. तेव्हा पहिलं इंजेक्शन घेण्याआधीच डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: किती काळ घ्यायचं, महिन्याचा खर्च किती येईल, आणि बंद करायची वेळ आली तर डोस कसा उतरवायचा.